नाव नको, सोल पाहा

महोदय,

आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की पालक मुलांसाठी नामवंत खेळाडूंच्या नावाचे बास्केटबॉल बूट शोधू लागतात. बूट चांगलेच असतात, पण त्यातले बरेचसे इनडोअर लाकडी कोर्ट डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले असतात. आपली बहुतेक मुलं सिमेंटवर खेळतात.

अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टीफन करीचा २०२० च्या अखेरीस आलेला 'करी फ्लो ८' घ्या. अंडर आर्मर या कंपनीने त्यात खालचा रबराचा थर काढूनच टाकला. फोम थेट जमिनीला टेकतो. त्यामुळे बूट हलका झाला आणि लाकडावर पकड उत्तम मिळाली. २०११ आणि २०१२ मध्ये उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झालेल्या, क्षणोक्षणी दिशा बदलणाऱ्या खेळाडूसाठी तो योग्यच. सिमेंटवर मात्र असा मऊ फोम खरवडून निघतो. आधी चवड्याखालची, पिव्होट घेताना पाय जिच्यावर फिरतो ती जागा गुळगुळीत होते. मग धावत येऊन थांबताना पाय सरकतो, आणि दुखापत गुडघ्यावर किंवा घोट्यावर येते.

म्हणून दुकानात बूट आधी उलटा करावा. सोलवर अंगठ्याचं नख दाबून पाहावं; सहज रुतलं तर तो सोल सिमेंटवर टिकणार नाही. माशाच्या काट्यासारखी नक्षी खोल आणि जाड हवी. उथळ खाचांत धूळ लगेच भरते.

उंच बुटात घोटा मुरगळत नाही, हाही समज सोडायला हवा. फुटबॉलपटूंचे बूट पाहून अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने घोट्याखाली कापलेला बूट मागितला आणि नाइकी कंपनीचे डिझायनर एरिक अव्हार यांनी २००८ मध्ये 'झूम कोबी ४' तसा घडवला. टाच आत घट्ट बसणं आणि चवड्यापाशी सोल बाहेरच्या बाजूला थोडा रुंद असणं, हे जास्त महत्त्वाचं. खेळताना घालायचे तेच मोजे घालून, लेस शेवटच्या भोकापर्यंत ओवून, दोन्ही बाजूंना झटक्यात पावलं टाकून पाहावीत. टाच उचलली जात असेल तर तो बूट घेऊ नये. 'वाढत्या वयाचा आहे' म्हणून एक नंबर मोठा घेणं तर सर्वांत घातक.

आपल्या क्रीडा पानावर नव्या बुटांची माहिती देताना किंमत आणि रंगासोबत सोल कशाचा आहे आणि तो कोणत्या कोर्टासाठी आहे, हे एका ओळीत तरी छापावं, ही विनंती.

— एक बास्केटबॉल प्रशिक्षक, सातारा