कंबर ओढण्याआधी पाय तपासा

मा. संपादक, स. न.

ट्रॅक्शनवरचा, म्हणजे पट्टे बांधून कंबर ओढण्याच्या उपचारावरचा, कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख रात्री वाचला आणि सकाळी उठून हे पत्र लिहायला बसले. लेखात संशोधनाचा आधार घेतलात याबद्दल आभार. पण ‘या चार गोष्टी जुळल्या तर ट्रॅक्शनचा गुण येण्याची शक्यता सत्तर टक्के’ ही ठळक चौकट वाचून कंबरदुखीने बेजार झालेला माणूस काय करेल? सरळ पट्टे बांधून घ्यायला जाईल.

माझा धाकटा भाऊ ओझी उचलायचं काम करायचा. कळ कंबरेतून निघून पोटरीपर्यंत जायची. दवाखान्यात फिल्म उजेडासमोर धरली गेली, ‘मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, ट्रॅक्शन लावू’, संपलं. मग रोज पट्टे बांधून कंबर ओढणं सुरू झालं. टाचांवर चालून दाखव, अंगठा वर उचलून दाखव, असं एकदाही कोणी म्हटलं नाही. पाऊल फरफटायला लागलं, पायातून चप्पल निसटायला लागली, तेव्हा भावजय त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी त्याला चालायला लावलं. पाऊल वर उचलतच नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, कळ गेली, पण पावलात पूर्वीची ताकद आली नाही आणि ओझ्याचं काम सुटलं ते सुटलंच. ट्रॅक्शनने त्याचा पाय गेला असं मी म्हणत नाही. नस मणक्यांमधल्या चकतीने दाबली होती. पण पाय पहिल्याच दिवशी तपासला असता तर तो इतके दिवस त्या टेबलावर पडून राहिला नसता.

आता तुमच्या चौकटीतला चार गोष्टींचा नियम त्याला लावून बघा. २००९ च्या ज्या अभ्यासातून तो आला त्याच्या चार अटी अशा: वय तिशीच्या पुढे, अंगमेहनतीचं काम नाही, कामाने दुखणं वाढेल ही भीती कमी, आणि नसांवर परिणाम नाही, म्हणजे पायात कमजोरी किंवा बधिरपणा नाही. भाऊ यात बसत नाही. पण त्याआधी २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नेमकं उलटं सुचवलं होतं: कळ पायात उतरते आणि नस दबल्याची लक्षणं आहेत, अशांपैकी काहींना ट्रॅक्शनचा फायदा होतो. म्हणजे एका नियमाने जो बाद, तोच दुसऱ्याने पात्र ठरू शकतो! लेखात या दुसऱ्या नियमाचं नावही नाही.

आणि ते सत्तर टक्के? २००९ च्या त्या अभ्यासात १२९ जण होते आणि सगळ्यांनाच ट्रॅक्शन दिलं होतं. गुण आला २५ जणांना. ट्रॅक्शन न घेणारा गट तुलनेला नव्हताच. बैठं काम, मनात भीती नाही, पायात ताकद शाबूत, असा रुग्ण बहुतेकदा कशानेही बरा होतो. मग श्रेय ट्रॅक्शनला का द्यायचं? २००७ च्या नियमाची पुढे खरी परीक्षा झाली. २०१६ मध्ये पायात कळ आणि नस दबलेल्या १२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, व्यायाम दोघांना, ट्रॅक्शन एकालाच. फरक पडला नाही. नियमात बसणाऱ्यांनाही जास्तीचा लाभ झाला नाही. त्याआधी २०१३ मध्ये कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, तिथेही ट्रॅक्शनने दुखण्यात फारसा फरक दिसला नव्हता. हे सगळं तुमच्या लेखकाला सापडलं नाही?

आणखी एक. लेख कंबरेचा आणि सोबतचं छायाचित्र मानेच्या ट्रॅक्शनचं! हनुवटीखालचा पट्टा स्पष्ट दिसतो. छापण्याआधी कोणी बघत नाही का?

त्या चौकटीइतक्याच मोठ्या अक्षरांत पुढच्या अंकात एवढं छापा: कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी अडत असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर ट्रॅक्शनच्या टेबलावर झोपू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपली,
एक नियमित वाचक