डोंबिवलीच्या फलाटावरच्या काकांना

काका, सादर नमस्कार.

नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं उघड पत्र. पावसाने लोकल रखडल्या होत्या त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या फलाटावर तुमच्या शेजारी रडकुंडीला येऊन बसलेली सातवीतली मुलगी माझी. तिला वर्गात नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग मांडायचे होते. ११ चा १२१, १११ चा १२३२१, असं करत नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा तिने मनानेच १२३४५६७८९१०९८७६५४३२१ लिहून टाकला होता आणि माझ्या मोबाइलवर भलतंच काही दिसत होतं. मी तर मोबाइललाच दोष देत होते.

तुम्ही कुणालाच चूक म्हटलं नाहीत. खिशातलं लग्नपत्रिकेचं पाकीट उलगडलंत, पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "गुणाकार मांड. हातचा विसरू नकोस." एकेक घर डावीकडे सरकणाऱ्या दहा ओळी. मधल्या रकान्यात दहा एक आले. शून्य खाली, एक हातचा. शेजारच्या नवाचे त्यामुळे दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग आठाचा नऊ झाला आणि गाडी थांबली. १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखंच वाचता येण्याचा सगळा डौल एका हातच्याने मोडला! पोरगी रडायची विसरूनच गेली.

नऊ एकांच्या वर्गाचे अंक मोजताना तुम्ही एकं, दहं, शतं करत थेट 'मध्य'पर्यंत गेलात. सतरावं घर, पुढचं परार्ध. माझी आजी हे म्हणायची. मी कोटीनंतर विसरले होते.

अशा संख्यांना 'डेम्लो' म्हणतात आणि ते याच स्टेशनचं जुनं नाव, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा वाटलं, पोरीची समजूत काढताय. घरी येऊन वाचलं तर खरंच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ठेवलेलं नाव! इतकी वर्षं मी इथूनच गाडी पकडते, पण पत्ता नव्हता.

गाडीत चढता चढता तुम्ही विचारलं होतंत, "त्या नऊ एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१. तिने भाग जातो का बघ. आणि आधीच्या आठांना आपापल्या बेरजेने?"

जातो, काका. १५२४१५७८९९७१०४१ येतात, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग निघाला. मधला आठ गायब असलेली तीच संख्या, जिला नवाने गुणलं की नऊ एक मिळतात. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. १२१ ला ४ ने जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो, १३६९ वेळा. पुढच्या पाचांनी तिला दोन दिवस दमवलं, एकालाही जात नाही. एकट्या १ ला धरून नवांत तीनच हर्षद: एक, तीन आणि नऊ एकांचे वर्ग.

हे उत्तर तुम्हाला द्यायचं होतं. आणि पेन्सिलही.

तुमची आभारी,
सातवीतल्या मुलीची आई