ब्रह्मकमळाच्या फोटोखालचा हिमालय काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की तुमच्या पेपरात एक फोटो ठरलेला असतो. रात्रीचा, फ्लॅश मारून काढलेला, कुंडीत पांढरीशुभ्र फुलं, मागे गाऊनवर ओढणी घेऊन उभ्या असलेल्या शेजारणी आणि खाली 'दुर्मिळ ब्रह्मकमळ फुलले, पाहण्यासाठी गर्दी'. फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही हो, गेल्या वर्षी रात्री साडेअकराला मीच अख्ख्या मजल्याच्या बेल वाजवल्यात. तक्रार आहे ती खालच्या मजकुराची. परवा तर 'हिमालयात आढळणारे, चौदा वर्षांतून एकदाच उमलणारे' असं छापलंत. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत ते गेल्या पावसाळ्यात चार वेळा उमललं, आता बोला.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते उत्तराखंडचं राज्यफूल, सूर्यफुलाच्या कुळातलं, साधारण १२ हजार फुटांच्या वर होतं, बदरी-केदारला वाहतात. १९८२ साली पोस्टाने त्याचं तिकीटपण काढलं होतं. फिकट पिवळसर द्रोणासारखं आवरण आणि आत जांभळट गोंडे, आपल्या कुंडीतल्या फुलाशी कणभर साम्य नाही. ते डोंबिवलीच्या मे महिन्यात एक दिवस तरी टिकेल का? आपलं जे आहे तो मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. हो, निवडुंगच, फक्त काटे नाहीत. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. आपण ज्याला पान म्हणतो ते पानही नाही, ते चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते.

नाव बदला असं मी म्हणत नाहीये. आमच्या सासूबाईंना त्या फुलात शेषशायी विष्णू दिसतो आणि बघून बघून आता मलाही दिसायला लागलाय. पण हे हिमालय प्रकरण माझ्या अंगाशी आलंय म्हणून लिहितेय. सहा वर्षांपूर्वी एका नर्सरीतून ४०० रुपयांना रोप आणलं, त्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं की हिमालयातलं आहे, गार ठेवा, पाणी कमी पडू देऊ नका. मग काय, तुळशीला घालतात तसं रोज सकाळी तांब्याभर पाणी, शिवाय उन्हाळ्यात कुंडीखाली पाण्याची ताटली. दोन महिन्यांत बुडाशी पिवळं पडलं, दाबलं तर नासक्या काकडीसारखं बोट आत गेलं आणि वास असा की कुंडी थेट खाली नेऊन टाकली.

नंतर समोरच्या काकूंनी एक पान दिलं, फुकट. वीतभर तुकडा, तो लगेच लावायचा नाही, सावलीत तीन-चार दिवस पडू द्यायचा म्हणजे कापलेली बाजू सुकते, मग इंचभर खोचायचा. हे झाड मूळ जंगलात दुसऱ्या झाडांच्या बेचक्यात वाढतं, मुळांना साचलेलं पाणी चालत नाही, त्यामुळे मी रंगाच्या डब्याला खालून भोकं पाडली आणि थोडी माती, वाळू, विटेचा चुरा, कोकोपीट, मूठभर जुनं शेणखत असं सैल मिश्रण भरलं. पाणी बोट खुपसून बघून, वरची माती कोरडी लागली तरच. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारच्या उन्हात पानं पिवळट पडतात. डबा जरा अडचणीचा असला तरी मोठ्या कुंडीत हलवायची घाई नको, मुळं दाटीवाटीत असली की फुलं चांगली येतात असा माझा अनुभव. आणि खाचांत कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण, मी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने पुसून काढते, सासूबाई म्हणतात देवाच्या झाडाला ब्रश काय लावतेस!

तिसऱ्या वर्षी पहिली कळी आली. ती सुरुवातीला तांदळाच्या दाण्याएवढी असते, मग लांब देठाला लोंबकळत वाढत राहते, आणि ज्या दिवशी उमलायची त्याच्या आधी मान वळवून वर बघायला लागते, पोट फुगतं. तसं झालं की त्या रात्री कुठे जेवायला जायचं नाही. नऊच्या सुमाराला टोक सुटतं, बारापर्यंत पूर्ण फूल, घरभर वास, आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत मान टाकलेली. एकदा पाहुण्यांना दिसावं म्हणून कळ्या असताना डबा हॉलमध्ये आणला होता, दोन दिवसांत पाचच्या पाच गळल्या. तेव्हापासून पाहुण्यांनी गॅलरीत जायचं.

तर विनंती एवढीच की 'दुर्मिळ' आणि 'हिमालय' हे दोन शब्द काढा. कारण पेपरात आलं म्हणजे खरंच असणार असं माझ्यासारख्या पुष्कळ जणींना वाटतं, आणि जे पान शेजारी मागून मिळतं त्याला मग नर्सरीवाला ४०० रुपये लावतो.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. सध्या तीन कळ्या आहेत, माना अजून खालीच. उमलल्या की फोटो पाठवेन, मागे गाऊनवर ओढणी घेतलेली मीच असेन.