बांधण्याआधी साखर तपासा

मा. संपादक,

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घरात तोडफोड करू लागला, आईच्या अंगावर धावून गेला, की पेठेत पहिली हाक तालमीच्या पोरांना जाते. ती येतात, चांगल्या मनानेच येतात, आणि जे येते तेच करतात : पालथा पाडून पाठीवर गुडघा. खवळलेल्या मुलाला त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त श्वास हवा असतो आणि नेमक्या तेव्हाच त्याच्या बरगड्या व पोट हलायला जागा उरत नाही. मग तो एकदम गप्प होतो. बघणाऱ्यांना वाटते, झाला शांत. 'ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय' हाही असाच घातक समज. धरावेच लागले तर उताणे किंवा कुशीवर धरा. छाती, मान, तोंड मोकळे ठेवा.

पुढची चूक कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात होते. केसपेपरवर 'मानसिक' असा शब्द पडला की शरीराकडे कुणी बघत नाही. बोटाला टोचून साखर तपासायला एक मिनिट लागते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर 70 च्या खाली घसरली की तो घामाघूम होऊन शिव्या देतो, मारतो. त्याला ग्लुकोज हवे असते, झोपेचे इंजेक्शन नव्हे. ताप असेल तर मेंदूज्वराची शंका घ्यायची. दोन दिवसांपूर्वी गाडीवरून पडला होता का, हे विचारायचे. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडे, अंग तापलेले आणि हवेत नसलेले काही वेचतोय, तर धोतऱ्याचे बी पोटात गेलेले असू शकते. गांजा, व्हाइटनर यांच्या नशेची चौकशी आईबापांना बाजूला ठेवून करावी, तरच खरे उत्तर मिळते. न बोलणारे स्वमग्न मूल डोके आपटत असेल तर कान, दाढ आणि चार दिवस न झालेली शौच आधी बघा. घटकेत माणसे ओळखतो, घटकेत नाही, असे दिसले की आजार बहुधा शरीराचा.

तपासणी होऊ द्यायची तर आधी गर्दी हटवावी लागते. एकानेच बोलायचे, दोन हात अंतर ठेवून, जरा तिरके उभे राहून, हात दिसतील असे. दार अडवायचे नाही. गळ्यातला स्टेथोस्कोप, ओढणी, ओळखपत्राची दोरी काढून ठेवायची. खोलीतला सलाईनचा स्टँड आणि कात्रीचा ट्रे बाहेर. "पाणी देऊ? हितं बसतोस की बाहेर बाकड्यावर?" एवढे पुरे. मग थांबायचे. हे थांबणेच कुणाला जमत नाही. "इंजेक्शन देतो बघ", "पोलीस बोलावू काय" या धमक्यांनी तर दहा मिनिटांची मेहनत पाण्यात जाते.

औषध आधी तोंडाने. घेतो म्हणाला तर गोळी द्यावी; अर्ध्या-पाऊण तासात फरक पडतो. इंजेक्शनची वेळ आलीच तर नुसते हॅलोपेरिडॉल (खवळलेल्याला शांत करणारे औषध) देऊ नये, त्याचे दुष्परिणाम टाळायला सोबत प्रोमेथाझिन असावे. तरुण मुलग्यांत मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे, जबडा आवळणे हे दुष्परिणाम सर्वाधिक दिसतात, आणि ते पाहून नातेवाईक थेट देवऋषी गाठतात. लोराझेपाम आणि ओलान्झापिन ही दोन इंजेक्शने एकापाठोपाठ देऊ नयेत, श्वास मंदावतो. कोणत्याही इंजेक्शननंतरचा पहिला तास दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास बघणे आलेच.

तरीही बांधावे लागले तर माणसे पाच लागतात : प्रत्येक हातापायाला एक, पाचवा डोक्यापाशी, आणि बोलणारा तोच. उताणा, उशाकडची बाजू उचललेली, कापडी पट्ट्या, पट्टीखाली दोन बोटे जातील इतकी ढिलाई. मुलाची बोटे गार पडली की पट्टी घट्ट आहे असे समजावे. अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या मुलांसाठी बांधण्याचा एक आदेश जास्तीत जास्त 2 तास चालतो. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 97 सांगते की तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच बांधावे. शिक्षा म्हणून नाही, माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. साखळीला तर पूर्ण बंदी आहे.

रात्री "रत्नागिरीला (तिथल्या मनोरुग्णालयात) न्या" असे सांगून हात झटकले जातात, तेही थांबावे. बांधलेले, गुंगीतले पोर आंबा घाटातून खासगी गाडीत नेणे धोक्याचे आहे. त्याच कायद्याच्या कलम 94 नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार 72 तासांपर्यंत करू शकतो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयासह जिल्ह्यातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत यासाठी एक रिकामी खोली आणि बांधल्या-सोडल्याच्या वेळांची वही असावी, एवढी आमची मागणी आहे.

पालकांसाठी : सल्ल्याला टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416, रुग्णवाहिकेला 108. फोनवर वय, ताप, हातात काय आहे ते आधी सांगा. आणि घरात सापडतील तेवढी गोळ्यांची पाकिटे, रिकामीसुद्धा, पिशवीत घालून आणा.

– मानसोपचार विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका, कोल्हापूर