पट्ट्यांचा पक्षी आणि कागदाचा ग्रेन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पानावर कार्डशीटच्या पट्ट्यांचा पक्षी छापून आला होता, फोटो एकदम झकास, गोल गरगरीत पोट, मागं पिसारा, आणि खाली कृती काय तर चार ओळी. 'कार्डशीटच्या लांब पट्ट्या कापा, टोकं जुळवून चिकटवा, डोकं लावा, पक्षी तयार.' शेवटी कंसात 'मोठ्यांची मदत घ्या'. आमच्या घरात मोठा म्हणजे मी, कारण सूनबाई-चिरंजीव रविवारी झोपलेले असतात. तर तिसरीतली नात सकाळी आठलाच पेपर घेऊन आली, आबा आपण हे करायचं.

आता मी स्वतः एका छापखान्यात बाइंडिंगला एकतीस वर्षं काढलीत, पण फोटो बघून मीही फसलो. घरात होती ती कार्डशीट घेतली, लांब म्हणलंय म्हणून ए-फोरच्या लांब बाजूनं पट्ट्या काढल्या, आणि वळवायला गेलो तर पट्टी गोल व्हायचं नाव घेईना, मध्येच टोक काढून मोडायची, मोडल्या जागी रंग उडून पांढरी रेघ. सहा पट्ट्यांचं वाटोळं झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे हा तर ग्रेन उलटा आलाय. बाइंडिंगला नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात आम्ही हेच शिकवायचो, आणि इथं मीच विसरलो!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागद मशीनवर बनतो तेव्हा लगदा जाळीवरून वेगानं पुढं पळत असतो, त्यामुळे त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेनं झोपतात, त्या दिशेला ग्रेन म्हणायचं. पटत नसेल तर तुमचाच पेपर घ्या, मोठं पान वरून खाली उभं फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटत जाईल, आडवं फाडा, नदीसारखं वेडंवाकडं जाईल. (छोट्या आकाराच्या पुरवणीत हे बरोब्बर उलटं होतं कारण तिथं पान फिरवून छापलेलं असतं. नातीनं दोन्ही फाडून बघितलं, सुडोकू गेलं त्यात.)

तर पट्टी ग्रेनच्या दिशेनं लांब कापली की ती ताठ राहते आणि गोल करताना मोडते, ग्रेनला आडवी कापली की पोळीसारखी वळते. ए-फोर कागदात ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूनं असतो, म्हणजे पट्ट्या आखूड बाजूनं काढायच्या, एकवीस सेंटिमीटरच्या. पण खात्री नको धरायला. कागद हातात घेऊन न मोडता एकदा उभा वाकवा एकदा आडवा वाकवा, ज्या बाजूला कमी जोर लागतो त्याच बाजूला पट्टी गोल झाली पाहिजे, एवढंच बघायचं. हातकागद असेल तर ही भानगड जवळजवळ नाहीच, तिथं तंतू कसेही बसतात. पुण्यात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला कागद मी बाइंडिंगला खूप वापरलाय, पण पोरांच्या खेळाला तो महाग पडतो.

दुसरी गोष्ट जाडी. दुकानात कार्डशीट म्हणाल तर दहा प्रकारचं काहीतरी पुढ्यात ठेवतात, विचारलं तर 'चांगलंय काका'. १८० ते २०० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) या पक्ष्याला बरं. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर घरच्या वजनकाट्यावर ठेवा, ए-फोर सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे सोळा कागदांचं जेवढे ग्रॅम वजन तेवढाच जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७०-८० भरतो, त्याचा पक्षी दुपारपर्यंत मान टाकतो.

मग आम्ही दुसऱ्यांदा बसलो. दीड सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्या, प्रत्येकीला टोकापासून एक सेंटिमीटरवर एक भोक, तिथून चौदावर दुसरं, उरलेले सहा सेंटिमीटर शेपटीला सोडले. पंचमध्ये दोनच पट्ट्या घाला, आठ घातल्या तर पंच अडकतो, आमचा अडकला. सगळ्या भोकांतून एकच दोरा ओवला, दोन्ही टोकांना बाहेरून मणी. फेविकॉल नाही काही नाही. दोरा ओढला की पट्ट्या फुगतात, मग त्या बोटानं एकेक फिरवून गोलाकार पसरायच्या. इथं खरी गंमत आहे, दोन मण्यांमधलं अंतर नऊ सेंटिमीटर ठेवलं तर चेंडू होतो, अकरावर थांबलात तर अंड्यासारखं लांबट पोट होतं, पक्ष्याला तेच हवं. आणि जी पट्टी पोटाखालून येते तिचं टोक मण्यापलीकडं आपोआप वर जातं, पाठीवरून येते तिचं खाली, पिसारा फुकटात! खालची टोकं कापून टाकली. डोकं तसंच, भोकांत आठ सेंटिमीटर ठेवून. डोळ्याला आजीच्या टिकल्या.

मी म्हणलं मोर झाला, नात म्हणाली मोर नाही ही नाचण आहे, आमच्या सोसायटीच्या आंब्यावर येते ना शेपटीचा पंखा करून नाचणारी, तीच. फोटोतल्या पक्ष्यापेक्षा आमची जरा बुटकी आहे.

तुम्हाला माझं म्हणणं एवढंच की फोटो निम्म्या आकारात छापा चालेल, पण कागदाचा जीएसएम, पट्टीची लांबी-रुंदी आणि ग्रेन कुठल्या बाजूला घ्यायचा हे दोन ओळींत द्या. पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि चूक कागद फिरवण्याची असते. आणि पुढच्या रविवारी काही करायला देणार असाल तर सामान शनिवारच्या अंकात छापा, आमचा स्टेशनरीवाला रविवारी बंद असतो.

आपला,
एक जुना बाइंडर, पुणे