एकाला माफी, एकाला देहदंड

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण अमेरिकेतले ग्रान कोलोंबिया (व्हेनेझुएला, आजचा कोलंबिया, इक्वेडोर इत्यादींचे संयुक्त प्रजासत्ताक) त्याचा मुक्तिदाता आणि राष्ट्राध्यक्ष बोलिव्हार याच्या सत्तालालसेने बुडाले, हे तुझे मत मला अर्धेच पटले. १८१९ मध्ये अंगोस्तुरा येथे जाहीर झालेले हे प्रजासत्ताक १८३० मध्ये मोडले, त्याला लंडनचे कर्ज, सैनिकांचे थकलेले पगार आणि व्हेनेझुएलातले काराकास ते राजधानी बोगोता हे दुस्तर अंतर हीही कारणे होतीच. पण मला त्याची पहिली भेग दिसते ती १ जानेवारी १८२७ रोजी, व्हेनेझुएलातल्या पुएर्तो काबेयो येथे.

काराकासमध्ये जबरदस्तीने सैन्यभरती केल्याच्या आरोपावरून बोगोताच्या संसदेने व्हेनेझुएलाचा सेनापती जनरल पाएस याला निलंबित करून जाब द्यायला बोलावले होते. तो गेला नाही. उलट एप्रिल १८२६ मध्ये वालेन्सियाच्या नगरसभेच्या पाठिंब्याने त्याने सत्ता पुन्हा हाती घेतली. उपराष्ट्राध्यक्ष सांतांदेर कायद्यावर अडून होता, परंतु पेरूहून परतलेल्या बोलिव्हारने त्या १ जानेवारीला सर्व बंडखोरांना माफी दिली आणि पाएसला व्हेनेझुएलाचा प्रमुख म्हणून कायम केले. यादवी टळली, हे खरे; मात्र ज्याच्या हाती फौज त्याला कायदा लागू नाही, हेही सर्वांना कळून चुकले.

आता पादियाकडे पाहा. १८२३ मध्ये माराकाइबोच्या सरोवरात स्पॅनिश आरमाराचा पराभव करणारा हा मिश्रवर्णीय दर्यावर्दी मार्च १८२८ मध्ये कार्ताहेनात बोलिव्हारच्या पक्षाविरुद्ध उठला आणि पकडला जाऊन बोगोताच्या कोठडीत पडला. २५ सप्टेंबरच्या रात्री बोलिव्हारच्या हत्येचा कट करणारे बोगोतातल्या सान कार्लोस प्रासादात घुसले तेव्हा त्याची प्रेयसी मान्वेला साएन्सने बोलिव्हारला खिडकीतून उडी मारायला लावली आणि स्वतः मारेकऱ्यांना सामोरी गेली; तो पुलाखाली लपून वाचला. त्याच वेळी दुसऱ्या टोळीने पहाऱ्यावरच्या कर्नलला ठार करून पादियाला कोठडीबाहेर काढले. त्याला कटाची आधी कल्पना होती, असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. तरीही २ ऑक्टोबरला त्याला देहदंड झाला. याच कटात दोषी ठरलेल्या सांतांदेरची देहदंडाची शिक्षा मात्र हद्दपारीवर आली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे म्हणावेसे वाटते. अर्थात पादिया काही अगदीच संन्यासी नव्हता.

आपण काय केले हे बोलिव्हारला उमगले होते. त्याच नोव्हेंबरात त्याने एका पत्रात लिहिले की, १८१७ मध्ये आपण गोळ्या घालायला लावलेल्या मिश्रवर्णीय सेनानी पियारच्या आणि या पादियाच्या वर्गातले लोक, आपण केवळ या गोऱ्या माणसापुढे, म्हणजे सांतांदेरपुढे, नमलो असे म्हणतील, आणि ते रास्तच असेल. सत्तालोलुप माणूस असे लिहीत नाही, पण असे लिहिणारा माणूस न्यायी राज्यकर्ता ठरतोच असेही नाही.

पाएसचे पुढे काय झाले, तर १८३० मध्ये त्याने व्हेनेझुएला वेगळा काढला, आणि वालेन्सियाच्या संसदेने बोलिव्हार कोलोंबियाच्या भूमीवर आहे तोवर बोलणीच करणार नाही असे बोगोताला कळवले. माफी देणाऱ्याला तीन वर्षांत मिळालेली ही परतफेड! सांतांदेरने पाएसला वेळीच जेरीस आणले असते असे तुला वाटत असेल, तर त्याच्याकडे त्यासाठी फौज कुठली होती, हे पुढच्या पत्रात जरूर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव