संकलनातील गाण्यांचे परवाने

महोदय,

गोव्यातील जत्रांमध्ये भजने व नाट्यगीते भरलेले पेनड्राइव्ह सर्रास विकले जातात. फोंड्यात मी घेतलेल्या अशा एका संकलनाच्या वेष्टनावर देवाचे चित्र होते, किंमत होती. मात्र गायकाचे, संगीतकाराचे वा तबलजीचे नाव कोठेही नव्हते. अभंग संतांचा म्हणजे तो कोणीही घ्यावा, असा समज यामागे दिसतो आणि तो अर्धाच खरा आहे. शब्द सर्वांचे असले तरी नवी चाल तिच्या संगीतकाराची असते व ध्वनिमुद्रण निर्मात्याचे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणूनच संकलन काढणाऱ्याने मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून आणि चाल व (ते संतांचे नसतील तर) शब्द यांच्या हक्कदारांकडून स्वतंत्र परवानगी घेणे आवश्यक ठरते.

कलाकारांनीही कागद वाचूनच सही करावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती 5 वर्षांचीच धरली जाते, हे आपल्याकडील किती भजनी कलाकारांना कोणी सांगितले असेल? 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा सुरक्षित केला आहे. एकरकमी मानधन देऊन तो सोडून द्यायला लावता येत नाही.

कला अकादमीने परवान्याचा साधा मराठी व कोकणी नमुना तयार करून भजनी मंडळांपर्यंत पोहोचवावा, ही कळकळीची विनंती.

— एक संगीतप्रेमी, फोंडा